राहिलेल्या मुलींची यादी

इंजेक्शन द्यायला पाच सेकंद लागतात. दंड पुसायचा, सुई आत, औषध आत, सुई बाहेर, वर कापूस. चौतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढल्यावर त्या पाच सेकंदांचं मला काही वाटत नाही. संताप होतो तो त्या पाच सेकंदांपर्यंत पोचायला लागणाऱ्या दोन-दोन महिन्यांचा.

गेल्या ऑगस्टअखेर मी पलूस तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झाले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावात मला अजून भाजी आणायला जावं लागतं. निरोपसमारंभात सगळ्यांनी माझ्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. माझ्या नवऱ्याला ते ऐकून ठसका लागला. शांत मी केंद्रात होते. घरी आल्यावर भांडी आपटायची. आणि नोकरीच्या शेवटच्या तीन महिन्यांत जेवढी भांडी आपटली तेवढी करोनातसुद्धा आपटली नव्हती. कारण होतं मुलींच्या लसीची ती यादी.

आधी लस कसली ते सांगते. बाईच्या पिशवीच्या तोंडाला जो कर्करोग होतो तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. विषाणू तसा फार सर्रास आढळणारा. बहुतेकांच्या अंगात येतो आणि आपला आपण जातो. काही बायकांच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो आणि बऱ्याच वर्षांनी तिथं रोग धरतो. लस घ्यायची ती विषाणूची गाठ पडायच्या आधी, म्हणून लहान वयात. एकच डोस, डाव्या दंडात, सरकारी केंद्रात फुकट. वयाची अट कडक: चौदा पूर्ण हवीत, पंधरा पूर्ण नकोत. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. दंड दुखतो, कुणाला जरा कणकण येते. उपाशी आलेल्या मुली घाबरून चक्कर येऊन पडतात. एक पडली की तिला बघून दुसरी. म्हणून मी पारले बिस्किटांचे पुडे स्वतःच्या पिशवीतून न्यायची.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर हायस्कूलच्या मुलींना गाडीतून केंद्रावर आणायचं ठरलं. आईबापांची संमती घ्यायला शाळेनं घरोघरी चिठ्ठी धाडली. चिठ्ठीवर ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी लस’ असं लिहायचं होतं. ज्यानं कुणी ती टाईप केली त्यानं जागा वाचवली आणि ठळक अक्षरांत छापलं: ‘कॅन्सरचे इंजेक्शन’.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकात बायका उभ्या.

“आमच्या पोरीला क्यान्सर हाय म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी?”

“कुणी नाही. होऊ नये म्हणून आहे ते.”

“मग हितं क्यान्सरचं इंजेक्शन म्हणून का लिवलंय?”

त्यात भर म्हणून फोनवर एक मजकूर फिरायला लागला, की या सुईनं पोरींना पुढं मूल राहत नाही. गाडी आली तेव्हा निम्म्या मुली चढल्याच नाहीत. पुढं महिनाभर एकेक करून बऱ्याच आणल्या. तरी उरल्या एकोणीस. त्या एकोणीस नावांची यादी केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “सिस्टर, तुमचं सगळ्यांशी चांगलं आहे. जाता जाता एवढं करून जा.”

यादीला ‘कारण’ असा रकाना होता. मावशीचं डोहाळजेवण. उपास. पोरगी घाबरट आहे. चुलता नको म्हणाला, आणि हा चुलता पुण्यात राहतो, त्यानं पोरीला तीन वर्षांत बघितलेलं नाही. एका घरी बाई म्हणाली, “आवं, तिचं कान टोचताना लय रडली व्हती.” कान टोचले तेव्हा पोरगी सहा महिन्यांची होती.

घरची माणसं तयार झाली की फोन आडवा यायचा. नोंदणी करायची ती अॅपवर, आणि अॅप मागणार ओटीपी. ओटीपी जाणार बापाच्या फोनवर. बाप साखर कारखान्यात पाळीवर, फोन आत न्यायला बंदी. बाप बाहेर येऊन आकडा सांगेपर्यंत आकडा शिळा. अशा वेळी मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बसायची. बीपीची गोळी मला त्याच महिन्यात सुरू झाली.

एका सुभेदारांचं सांगते. आमच्या भागात प्रत्येक आळीत एकतरी पेन्शनर फौजी आहेच. यांची नात यादीत होती. मी दारात गेले तर ते खुर्चीत ताठ बसलेले, हातात पॅड आणि पेन. त्यांनी अठरा प्रश्न लिहून काढले होते. मी अठराही उत्तरं दिली. विसाव्या मिनिटाला ते म्हणाले, “ठीक हाय. पण लेखी हुकूम कुठाय?” मी परिपत्रकाची झेरॉक्स आणून दिली. ती त्यांनी दोनदा वाचली. “ह्यात ‘करावे’ असं लिवलंय. ‘करणे बंधनकारक’ असं न्हाई.” मी म्हणाले, “सुभेदारसाहेब, बंधनकारक नाहीच. तुमच्या नातीच्या भल्याचं आहे, एवढंच.” दुसऱ्या दिवशी बरोब्बर नऊला नातीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन हजर, तिघींना उंचीप्रमाणे उभं केलेलं. मैत्रिणी यादीतल्याच होत्या. त्यांच्या घरच्यांना त्यांनी कसं पटवलं ते मी विचारलं नाही. संमतीच्या सह्या मात्र तपासून घेतल्या.

बाकीचं निम्मं काम केलं रेहानानं. केंद्रासमोर तिचं शिलाईचं दुकान आहे, सगळ्या गावाच्या बायका ब्लाऊजला तिच्याकडे. तिनं आपल्या मुलीला पहिल्याच दिवशी आणलं होतं. मूल होत नाही ही अफवा दुकानात कुणी काढली की ती माप घ्यायची थांबायची आणि टेप हातात धरून विचारायची, “डॉक्टरनं सांगितलं का फोननं?” बाई म्हणायची, फोननं. “मग बाळंतपण बी फोनलाच करायला सांगा.” असं बोलायची मला सोय नव्हती. सरकारी नोकर ना मी.

जुलैअखेर यादीत एकच नाव उरलं. समृद्धी. नववीतली मुलगी.

ही मुलगी माझ्या हातांवर जन्मलेली. तेव्हा मी त्याच गावच्या उपकेंद्रावर होते. तिची आई वैशाली, बारीक अंगाची, हसरी. नवरा संदीप फौजेत, सदा लांब. घरात सासू अक्काताई, थोरला दीर, थोरली जाऊ सुरेखा. दीड एकर ऊस, दोन म्हशी. वैशाली दोन वर्षांपूर्वी गेली. गावात सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. खरं काय ते मला माहीत होतं, कारण मिरजेच्या दवाखान्याचे कागद मी वाचले होते. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग. कळला तेव्हा फार पुढं गेलेला.

मला वाटलं होतं, या घरात मला एक शब्द बोलावा लागणार नाही. ज्या घरानं हे बघितलंय ते घर सगळ्यांच्या आधी येईल. तर अक्काताईंनी मला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही. गोठ्यापाशी उभं राहूनच बोलल्या.

“नगं. आमाला न्हाई द्यायचं.”

“अहो पण का?”

“नगं म्हंजी नगं.”

दुसऱ्यांदा गेले, त्या शेतावर. तिसऱ्यांदा गेले, त्या झोपल्यात. सकाळी अकराला. चौथ्यांदा गेले तेव्हा त्या समोर बसून लसूण सोलत होत्या आणि सुरेखा माझ्या तोंडावर म्हणाली, “आत्ती घरात न्हाईत.” अक्काताई सोलतच राहिल्या.

मी माझा अंदाज बांधला: लोक काय म्हणतील याची भीती. पोरीला टोचलं तर आईचा रोग चव्हाट्यावर येईल, उद्या लग्नाला अडचण. हा अंदाज मी मीटिंगमध्येही सांगितला, ‘कौटुंबिक गैरसमज’ म्हणून नोंदलाही. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, “या बाईच्या अज्ञानापुढं मी हात टेकले.” तो म्हणाला, “तू तिला विचारलंस का?” मी म्हणाले, चार वेळा विचारलं. तो म्हणाला, “तू सांगितलंस चार वेळा.” मी पातेलं आपटलं.

मग मी संदीपला फोन लावायला लागले. तो कुठं आहे ते त्याला सांगता येत नव्हतं, पण तिथं रेंज नव्हती एवढं नक्की. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. मी सगळं सांगितलं.

“द्या सिस्टर. माझी हा हाय. काय सही-बिही लागंल ती व्हाट्सपवर धाडतो.”

“आणि आई?”

“आईला मी न्हाई सांगू शकत. तिच्याशी तुमीच बोला.”

“ती माझ्याशी बोलत नाही, संदीप.”

“म्हाईत हाय मला,” तो म्हणाला आणि रेंज गेली. त्याला काय माहीत होतं, ते मला तेव्हा उमगलं नाही.

बापाची संमती आली म्हणून मी नोंदणी करायला बसले, तर अॅप म्हणालं, मुलीला पंधरा पूर्ण झालीत, अपात्र. आधारवर जन्मतारीख एक जून. आमच्याकडं पूर्वी निम्मा गाव एक जूनला जन्मायचा. शाळेत घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकायचे. पण ही मुलगी गौरी जेवल्या दिवशी, सप्टेंबरात जन्मली होती, हे मी कसं विसरेन? मी तोंडात पुरणपोळीचा घास असताना उठून गेले होते. म्हणजे पंधरा पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते लिहिताना आत्ताही कपाळ ठणकतं. ग्रामपंचायतीत गेले, तर ग्रामसेवक पलूसला मीटिंगला. पुन्हा गेले, तर त्यांच्याकडे तीन गावं, आज त्यांचा वार दुसऱ्या गावाचा. तिसऱ्यांदा भेटले, तर संगणक बंद. संगणक सुरू झाला, तर त्या वर्षाची नोंद संगणकावर चढवलेलीच नाही, जुनं रजिस्टर बघावं लागेल, आणि रजिस्टर ज्या कपाटात त्याची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई बहिणीच्या गावाला यात्रेला. मी तिथल्या बाकावर बसले आणि म्हणाले, “मी उठत नाही.” चौतीस वर्षांत मी असं कुणाला बोलले नव्हते. किल्ली तासाभरात आली. रजिस्टरात नोंद होती. खाली माहिती देणाऱ्याच्या जागी माझीच सही. दाखला घेतला, साहेबांना दाखवला, त्यांनी तालुक्याला फोन करून तारीख मान्य करून घेतली.

माझ्या निवृत्तीला पाच दिवस उरले होते. दाखला पिशवीत घालून मी अक्काताईंच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. या वेळी मी काही सांगितलं नाही. शेजारी बसले आणि विचारलं, “अक्काताई, तुम्ही नको का म्हणताय? मला खरं कारण सांगा. मग मी परत येणार नाही.”

त्यांनी हातातल्या शेंगा खाली टाकल्या.

“खरं सांगू? ऐकून घेशीला?”

“घेते.”

“माझी सून तुमच्याकडं आली व्हती. अंगणवाडीत लसीचा वार व्हता त्या दिशी. म्याच धाडली व्हती तिला. म्हटलं, बाईला सांग, पाळी नसताना अंगावर जातंय म्हणून. तिनं सांगितलं तुमाला. आणि तुमी काय केलासा?”

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. बाळं रडत होती, पुढं बायकांची रांग होती, वैशाली कोपऱ्यातून पुढं येऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली होती. मी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली होती.

“लाल गोळ्या दिल्यासा,” अक्काताई म्हणाल्या. “रक्ताच्या. म्हणलासा, अशक्तपणा हाय, जेवत जा. ती जेवत ऱ्हायली. वरीसभर गोळ्या खात ऱ्हायली. बाईनं सांगितलंय म्हणायची. मी म्हणायची, सांगलीला जाऊ, तर म्हणायची, बाईला कळत न्हाई व्हय? आता तुमीच दारात येऊन म्हणताय, पोरगी माझ्या हाती द्या. कशी देऊ, सांगा की.”

ओसरीच्या दारात सुरेखा येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, सांगावं की त्या दिवशी साठ बाळं होती. की तिनं नीट सांगितलं नाही. की पुढच्या शिबिरात दाखव असं मी म्हटलं असणारच, नेहमी म्हणते. यातलं काहीएक खोटं नव्हतं. आणि कशालाच अर्थ नव्हता. पाळी नसताना रक्त जातंय म्हणून बाई सांगते तेव्हा तिला त्याच आठवड्यात डॉक्टरपुढं उभं करायचं, हे मला विसाव्या वर्षी साताऱ्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “तेव्हा तिला मी स्वतः न्यायला पाहिजे होतं.”

अक्काताई रडल्या नाहीत. मीही नाही. त्या पुन्हा शेंगा पसरायला लागल्या. मी उठून निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, “ती सुई खरंच पोरीला त्ये हू देत न्हाई?”

“बहुतेक नाही होऊ देत. शंभर टक्के कुणी सांगणार नाही. पुढं तिशीनंतर तपासणी करत राहायचीच.”

“आणि वैशालीला का न्हाई दिली?”

“तिच्या वेळी आपल्याकडं नव्हती मिळत.”

त्यांनी मान हलवली. “आणते उद्याच्याला. पर तुमच्या हातनं न्हाई. दुसरं कुणी टोचत आसंल तर.”

ते ऐकून मला कसं वाटलं, ते मी इथं लिहिणार नाही. मी फक्त म्हणाले, “दुसरी आहे. चांगला हात आहे तिचा.”

दुसऱ्या दिवशी दहाला त्या आल्या. पोरीला दोन वेण्या, अंगात शाळेचा ड्रेस. मी शेजारच्या खोलीत नोंदणीला बसले. संदीपचा ओटीपी पहिल्या झटक्याला आला. त्या एका आकड्यासाठी कुठल्यातरी डोंगरावर तो सकाळपासून रेंजमध्ये उभा होता, हे नंतर कळलं. माझ्या जागी येणाऱ्या निकितानं लस दिली. तिला वर्षभर मीच शिकवत होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता: “श्वास घे. झालं.” खरंच झालं होतं.

अर्धा तास आजी-नात बाकावर बसल्या. दाराच्या फटीतून मला दिसत होत्या. अक्काताई खाली बघून पोरीला काहीतरी सांगत होत्या, थांबत थांबत. पोरगी आधी हुंदके देत होती, मग आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प पडली. निकिता धावत माझ्याकडं आली, “मॅडम, चक्कर आली वाटतं.” मी म्हणाले, “चक्कर नाही. राहू दे.” आईचं खरं दुखणं पोरीला त्या बाकावर कळलं, असं मला वाटतं. विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

जाताना अक्काताई माझ्या दारात थांबल्या. आत आल्या नाहीत.

“ती तपासणी म्हणलासा तिशीनंतरची. माझ्या सुरेखाची करायची हाय. कुठं असती?”

मी ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि वार चिठ्ठीवर लिहून दिला. मंगळवार. त्यांनी चिठ्ठी घेतली नाही.

“मला वाचता येत न्हाई आणि सुरेखा लाजती. तुमी संगं चला.”

“अक्काताई, मंगळवारी मी रिटायर झालेली असणार. मला तिथं कुणी विचारणार नाही.”

“मग लायनीत हुबं ऱ्हावा आमच्यासारखं.”

मंगळवारी सकाळी आम्ही तिघी एसटीनं पलूसला गेलो. केसपेपरच्या रांगेत मी पहिल्यांदाच साध्या साडीत उभी होते. पुढं सत्तावीस बायका. खिडकीतली मुलगी एकेकीला म्हणत होती, आधार काढून ठेवा, मोबाईल नंबर सांगा, आता सर्व्हर गेलाय, थांबा. मला इतका संताप आला की मी खिडकीकडं निघाले होते. अक्काताईंनी माझा पदर धरला.

“गप ऱ्हावा,” त्या म्हणाल्या. “नंबर जाईल आपला.”